मगदुमांच्या माडीवरचा सांधा

अण्णासो मगदूम यांना जगातल्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध ठाऊक होतं. दोन वायरी उलट्या करा.

एकेचाळीस वर्षं कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. नदीकाठच्या मोटरी जळायच्या, टेम्पोत पडून त्यांच्या दारात यायच्या, आतली काळी तार उपसून नवी भरून परत जायच्या. आणि दुसऱ्या दिवशी हमखास फोन.

"अण्णासो, मोटर फिरतिया ओ, पण पाणीच चढंना!"

"उलटी फिरत असंल. तीनातल्या कुठल्याबी दोन वायरी उलट्या कर."

"आन् मग?"

"मग सुलटी फिरंल."

"एवढंच?"

"एवढंच."

फोन ठेवून अण्णासो दुकानातल्या पोरांकडे असे बघायचे, की नुकताच कुणाचा तरी प्राण वाचवलाय. पुढंपुढं हे औषध ते माणसांनाही द्यायला लागले. मुलगा वृषभ सायन्स सोडून कॉमर्सला गेला तेव्हा नातेवाईक हळहळले, अण्णासो म्हणाले, "दोन वायरी उलट्या झाल्यात, मोटर चांगली हाय."

दुकानाचा दुसरा नियमही त्यांचाच होता. चालत्या मोटरीला हात लावायचा नाही. जे चालतंय ते उघडून बघणारा माणूस त्यांच्या मते एक तर बेकार असतो, नाही तर इंजिनिअर.

सहासष्टाव्या वाढदिवसाला वृषभनं त्यांना एक भलंमोठं खोकं दिलं. त्यात एक इंजिन, तीन डबे आणि गोल जोडायचे रूळ. विजेवर चालणारी, टीचभर उंचीचीसुद्धा नसलेली आगगाडी.

"खेळणं आणलंस व्हय रं मला?"

"खेळणं न्हाई अण्णा, मॉडेल हाय. घरी बसून करायचं."

खरी मेख 'घरी बसून' या दोन शब्दांत होती. दुकानात आता तार गुंडाळायचं कॉम्प्युटरवालं मशीन आलं होतं आणि अण्णासो दिवसभर त्या मशीनच्या मागं उभं राहून त्याच्या चुका काढायचे. मशीन ऐकून घ्यायचं. कामगारांना ऐकवत नव्हतं.

खोकं आठ दिवस कपाटावर पडलं. नवव्या दिवशी अक्काताईंना, म्हणजे अण्णासोंच्या बायकोला, कपाटावर धुळीत चौकोन दिसला आणि माडीवरच्या खोलीतून करवतीचा आवाज ऐकू आला. त्या वर गेल्या. मोटरी ठेवायच्या दोन लोखंडी घोड्यांवर आठ बाय चारचं प्लायवूड आडवं पडलं होतं आणि अण्णासो गुडघ्यावर बसून त्यावर पेन्सिलीनं गोल काढत होते.

"हे काय?"

"रेल्वे."

"आमटी गार हुतिया."

"हुंदे."

अक्काताई खाली गेल्या. एकेचाळीस वर्षांत आमटी गार होऊ देणारा हा माणूस त्यांनी पहिल्यांदाच बघितला होता.

वर्षभरात त्या प्लायवूडवर एक मुलूख उभा राहिला. कोल्हापूरचं स्टेशन झालं. खऱ्या कोल्हापुरात गाडी येते आणि आल्या वाटेनं परत जाते, पुढं रूळच नाहीत. अण्णासोंनी ते घातले. वारणानगरला फलाट बांधला, कोल्हापूर जिल्ह्यातल्याच मलकापूरजवळ कागदाच्या लगद्याचा बोगदा काढला. मलकापुरात आजवर रेल्वेची शिट्टी वाजलेली नाही, पण मगदुमांच्या माडीवर तिथं दर दीड मिनिटाला गाडी येत होती.

मग दुसरी लाईन आली, पहिलीच्या आत. दुसरी गाडीही आली. दोन्ही लाईन रुळांना वीज देणाऱ्या एकाच मशीनला जोडल्या, तर दोन्ही गाड्या एकाच दिशेनं पळायला लागल्या. अण्णासोंना ते पटेना. डबल लाईन म्हणजे एक जाणारी, एक येणारी. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, प्लायवूडच्या खाली शिरले आणि आतल्या लाईनच्या दोन वायरी उलट्या केल्या.

आतली गाडी झटक्यात उलटी पळायला लागली. मलकापूरच्या बोगद्याजवळ दोघी समोरासमोरून एकमेकींना खेटून गेल्या. अण्णासो प्लायवूडखालूनच ओरडले, "एवढंच!"

हे सगळं सुरळीत चाललं असतं. पण गल्लीत गणपतराव राहायचे.

गणपतराव गारगोटीकडचे शेतकरी घरातले, पण छत्तीस वर्षं रेल्वेत सांधेवाला म्हणून काढलेली. गाडीनं ह्या रुळावरून त्या रुळावर जायचं, म्हणून रुळाचं टोक सरकवायचं, तो सांधा. आणि तो ओढणारा तो सांधेवाला. रोज पाच वाजता ते मगदुमांकडे चहाला यायचे. अण्णासोंनी त्यांना मोठ्या हौसेनं माडीवर नेलं. गणपतरावांनी हात मागं बांधले, डाव्या बाजूनं एक फेरी मारली, उजव्या बाजूनं एक मारली.

"ब्येस हाय," ते म्हणाले. "सांधा कुठाय?"

"सांधा?"

"दोन लायनी टाकल्यासा, मधी सांधा न्हाई. म्हंजे ही गाडी जल्मभर हितंच फिरणार, ती जल्मभर तिथंच. मर्दा, ह्येला रेल्वे म्हंत न्हाईत. ह्येला घाणा म्हंत्यात. तेलाचा."

अण्णासोंच्या हातातल्या चहावर साय धरली. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि सकाळी वृषभच्या मोबाईलवरून दोन सांध्यांची मागणी गेली.

इकडे खाली वेगळीच गाडी सुटली होती. सून ऐश्वर्या मोबाईलवरून साड्या विकायची. आधी दहा होत्या, मग पन्नास, आणि आता देवघर सोडून घरात असा कोपरा उरला नव्हता जिथं इरकल किंवा पैठणी हात पसरून पडलेली नाही. तिला जागा हवी होती. उजेडाची, वाऱ्याची, कुणाची ये-जा नसलेली. अशी खोली घरात एकच होती.

"आत्ती," ती सासूला म्हणाली, "मामांच्या खोलीत मला अर्धी जागा…"

"अर्ध्या जागंत प्लायवूड मावणार हाय व्हय?" अक्काताई म्हणाल्या. त्या मध्यममार्गी नव्हत्या. त्यांनी सगळ्यांना चहाला बसवलं, गणपतरावांनाही, आणि निकाल सांगितला.

"रविवारी दिवस मावळायच्या आत ह्यांची गाडी भाईरल्या लायनीवरनं आतल्या लायनीवर जाऊन परत माघारी आली, तर खोली ह्यांची. मरंस्तवर. न्हाई आली, तर सोमवारी प्लायवूड खाली आन् साड्या वर. गणपतराव बघतील. रेल्वेचं माणूस हाय."

"मी नेमानं बोलणार बरं का वैनी," गणपतराव बशीतला चहा फुंकत म्हणाले. "दोस्ती त्या जागी, सांधा त्या जागी."

"आत्ती, दिवस मावळायचा म्हंजे किती वाजता?" ऐश्वर्यानं विचारलं.

हा प्रश्न मगदुमांच्या घरात विचारायचीसुद्धा गरज नव्हती. जैनाचं घर. अक्काताईंचा आणि अण्णासोंचा चौविहार, म्हणजे सूर्य बुडाल्यावर अन्न नाही की पाण्याचा घोट नाही. सूर्य कधी बुडतो हे या घरात आकाशाकडे बघून ठरत नसे, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरून ठरे.

"सहा बेचाळीस," अक्काताई म्हणाल्या.

सांधे मंगळवारी आले. सांधा हलवायला प्रत्येकाखाली तारेचं एक छोटं वेटोळं बसवायचं. वीज दिली की ते लोखंडाची काडी ओढतं आणि रूळ 'टक' करून सरकतो. वेटोळं म्हटल्यावर अण्णासोंना हसूच आलं. वेटोळ्यांत त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी दुकानातली उरलेली तार आणली, स्वतः गुंडाळली, आणि भिंतीवर असतो तसा दिव्याचा स्विच जोडला. स्विच खाली केला. टक! सांधा सरकला. अण्णासो समाधानानं खाली जेवायला गेले.

पहिल्याच घासाला अक्काताईंचा हात थांबला. त्यांनी नाक वर केलं.

"काय जाळलासा?"

"कुठं काय?"

"वार्निश जळतंय. तारंचं. बारीक तार हाय. आत्ताच पेटलिया."

अण्णासो जिने चढेपर्यंत वेटोळ्याचा कोळसा झाला होता. त्यात वीज क्षणभरच सोडायची असते. त्यांनी चालू ठेवून दिली होती. दाबलं की लागणारं आणि सोडलं की बंद होणारं बटण हवं होतं, आणि तसं बटण घरात कुठं आहे हे आठवायला त्यांना फार वेळ लागला नाही.

बुधवारी कुरिअरवाला मगदुमांच्या दारात उभा राहून भिंतीतल्या भोकात बोट घालत होता.

"ओ मावशी! बेल कुठं गेली?"

"रेल्वेत लागली!" अक्काताई आतून ओरडल्या.

दुसऱ्या सांध्याला मागच्या दाराची बेल लागली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार अण्णासो प्लायवूडखालीच होते.

रविवारी पाच वाजता गणपतराव आले, बेल नाही म्हणून रस्त्यावरूनच "अण्णासो, गाडी आली ओ!" करून आरोळी ठोकली आणि इस्त्रीची टोपी घालून वर गेले. ऐश्वर्या मोबाईल हातात धरून खिडकीशी उभी होती. खिडकीतून तिची नजर सूर्यावर होती आणि मनातून ती साड्यांसाठी खुंट्या मोजत होती.

"करा सुरू," गणपतराव म्हणाले.

दोन्ही गाड्या सुटल्या. एक इकडून, एक तिकडून. झकास. आतली गाडी अण्णासोंनी थांबवून उचलून वर्तमानपत्रावर ठेवली. बाहेरची सांध्याजवळ आली. त्यांनी दोन्ही बेलांची बटणं दाबली. टक. टक. रूळ सरकले.

आणि ठप्प.

गाडी जागच्या जागी मेली. मशीनवर लाल दिवा लागला. सांधे बोटानं परत सरळ केले, तर गाडी सुरू. तिरके केले, ठप्प.

"शॉर्ट," अण्णासो म्हणाले. "बघतो." आणि औषध सुरू झालं. मशीनच्या दोन वायरी उलट्या केल्या. गाडी उलटी पळाली, सांध्याजवळ आली, ठप्प. पहिल्या सांध्याच्या दोन वायरी उलट्या केल्या. सांधा आपला तसाच 'टक' करून सरकायचा, आणि गाडी ठप्प. दुसऱ्याच्या केल्या. गणपतराव म्हणाले, "ह्या वक्ताला खरी गाडी असती तर रुकडी ठेसनात हुती." साडेपाच वाजले, सहा वाजले. अण्णासोंनी दिसेल ती जोडी उलटी केली, फक्त एक सोडून. आतल्या लाईनच्या वायरींना त्यांनी बोट लावलं नाही. ती लाईन वर्षभर चालत होती. चालत्या मोटरीला हात लावायचा नाही.

"जेवायला या!" खालून अक्काताईंची हाक आली. सहा दहा झाले होते.

"आलो!"

"या की!"

"आलो म्हंतोय न्हवं!"

तिसऱ्या हाकेऐवजी जिन्यावर पावलं वाजली. अक्काताई पदर खोचून दारात उभ्या राहिल्या. नवऱ्याला जेवायला न्यायला आल्या होत्या आणि तोंडात तेवढंच वाक्य तयार होतं. पण खोलीत वार्निशचा वास होता.

त्यांची नाकपुडी हलली. दुकान नवं होतं तेव्हा वेटोळी घरी गुंडाळली जायची, लाकडी साच्यावर, आणि ती अक्काताई गुंडाळायच्या. चूल एका हाताला, साचा दुसऱ्या हाताला. पहिली बारा वर्षं अण्णासोंच्या नावानं फिरलेली प्रत्येक मोटर अक्काताईंच्या हातातून गेली होती. हे कोल्हापुरात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक ते सांगत नसे.

"काय झालंय?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई. तू जा, आलोच."

"सांधा जोडला की शॉर्ट हुतोय वैनी," गणपतरावांनी रिपोर्ट दिला. "न्हाई जोडला तर ब्येस."

अक्काताई प्लायवूडजवळ आल्या. मग म्हणाल्या, "गाडीचा दिवा हाय का? स्कूटरचा, वळायचा. दोन तारा लावून द्या."

"तुला काय करायचाय…"

"द्या म्हंते न्हवं!"

दिवा मिळाला. अक्काताईंनी एक तार बाहेरच्या लाईनच्या डाव्या रुळावर टेकवली, दुसरी आतल्या लाईनच्या डाव्या रुळावर. दिवा भक्कन पेटला.

"बघा," त्या म्हणाल्या.

"काय बघा? दिवा लागला."

"लागायलाच नको. दोन्ही डावं. डाव्याला डावं जोडायचं असंल तर दोघांत एकच वीज पायजे. हितं एकात जाणारी, दुसऱ्यात येणारी. सांधा जोडलासा की दोघी एकमेकीच्या झिंज्या धरत्यात. आतल्या लायनीच्या वायरी कुणी उलट्या केल्या?"

 गणपतरावांनी छताकडे बघितलं.

"ती लाईन चालतिया," अण्णासो म्हणाले.

"एकटी चालतिया. शेजारणीशी जोडून बघा की. मला एकदा काय म्हणालतासा, आठवतंय? ती गडहिंग्लजची मोटर. मी दोन वेटोळ्यांतलं एक उलट्या तोंडानं जोडलंतं. चुलीम्होरं येऊन म्हणालासा, 'एवढी बी अक्कल न्हाई व्हय?'"

"त्येला पस्तीस वर्षं झाली!"

"मी कुठं म्हंते काल झालं म्हणून?"

"आत्ती, सहा चोवीस," ऐश्वर्या म्हणाली.

"दोन गाड्या एकाच दिशेनं जातील मग!" अण्णासो हट्टाला पेटले. "डबल लाईन म्हंजे…"

"सांधा वलांडूस्तवर जाऊ देत. झाल्यावर परत उलटं करायला बटण लावा. लेथला असतंय तसलं. वायरी दावा."

वायरी दाखवणं सोपं नव्हतं. अण्णासोंनी सगळी जोडणी दुकानातल्या उरलेल्या तारेनं केली होती, त्यामुळे प्लायवूडखाली शंभरभर तारा लोंबत होत्या आणि सगळ्या एकाच तांबूस रंगाच्या.

"खुणा केल्यासा न्हाई?"

"माझ्या ध्येनात हाय."

"मग सांगा, कुठली?"

अण्णासोंनी खाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "पलीकडची," ते शेवटी म्हणाले.

अक्काताईंनी गुडघ्यावर हात टेकला, "जिनेंद्रा" म्हटलं आणि प्लायवूडखाली शिरल्या. "ऐश्वर्या, उजेड धर. तुमी वर रुळावर दिव्याची तार धरा. मी एकेक हलवते. दिवा फडफडला की वरडा."

आता ऐश्वर्याच्या लक्षात आलं, की आपण आपल्याच खोलीवर पाणी सोडायला बॅटरी धरून बसलोय. तिनं मोबाईल किंचित बाजूला नेला.

"उजेड कुठं चालला?"

"हितंच हाय, आत्ती," म्हणत तिनं तो परत आणला.

"फडफडला!" वरून अण्णासो ओरडले.

"आत्ती, सहा तेहेतीस. जेवायला बसा की. नऊ मिन्टं हायती अजून. ताटं वाढू?"

प्लायवूडखालची हालचाल थांबली. अण्णासोही थांबले. मागं तापातसुद्धा अक्काताईंची वेळ कधी चुकली नव्हती. आत्ता उठल्या असत्या तर चार घास पोटात गेले असते, पाणी मिळालं असतं, आणि खोली गेली असती. निकाल त्यांनीच दिलेला होता.

"अगं, जा," अण्णासो हळू आवाजात म्हणाले. "जेव तू. ऱ्हाऊ दे खोली."

 खालून ब्लेडनं तार खरवडल्याचा कर्र कर्र आवाज आला. वार्निश काढल्याशिवाय सांधा लागत नाही, हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

"नऊ मिन्टांत जेवतंय कोण? त्येला गिळणं म्हंत्यात," अक्काताई म्हणाल्या. "पक्कड द्या."

अण्णासोंनी पक्कड दिली. नंतर ब्लेड घेतलं. नंतर, कुणी न सांगता, तेही खाली शिरले. बाहेर फक्त चार तळपाय दिसत होते.

"ही धर."

"ती न्हवं, ही."

"तेच म्हंतोय."

"हात काढा, माझं बोट हाय ते."

"सहा अडतीस!" ऐश्वर्या म्हणाली, आणि तिनं उजेड आणखी जवळ धरला.

अक्काताई बाहेर आल्या, डोक्याला जाळी लागलेली. स्टुलावर बसल्या. खोलीत स्टूल एकच होतं आणि त्यावर वर्षभर अण्णासोंशिवाय कुणी बसलं नव्हतं. "दाबा बटण," त्या म्हणाल्या. अण्णासोंनी बेला दाबल्या. टक. टक. लाल दिवा लागला नाही.

अक्काताईंनी मशीनचं चाक हळूच फिरवलं. गाडी कोल्हापूरहून निघाली. सांध्यावर आली. इंजिन जरा झुकलं, वाकडं झालं, आणि ठप्प न होता तिरक्या रुळावर शिरलं. पहिला डबा शिरला. दुसरा शिरला. तिसरा लटपटला. "सावकाश वैनी, सावकाश, सांध्यावर पळवू नगा," गणपतराव कुजबुजले, त्यांचा उजवा हात हवेत नसलेला दांडा ओढत होता. तिसराही शिरला. गाडी आतल्या लाईनवर उभी राहिली.

"माघारी यायला पायजे," ऐश्वर्या म्हणाली.

अक्काताईंनी मशीनवरचं गाडी मागं नेणारं बटण दाबलं. गाडी शेपटीकडून हलली, तिसरा डबा पुढं, इंजिन मागं, आली त्या तिरक्या वाटेनं बाहेर आली आणि कोल्हापूरच्या फलाटाला लागली.

सगळ्यांनी ऐश्वर्याकडे बघितलं. तिनं मोबाईलकडे बघितलं. एक मिनिट इकडचं तिकडं म्हणायला कुणी तिचा हात धरला नसता.

"सहा एकेचाळीस," ती म्हणाली.

"गाडी टायमात!" गणपतरावांनी टोपी सारखी केली. "इतक्या वर्सांत मी ही घोषणा कितीदा केली इचारू नगा."

खाली कुठल्याशा मंदिरात घंटा झाली. सूर्य बुडाला. अण्णासोंच्या पोटातून मोठा आवाज आला, तो सगळ्यांना ऐकू गेला.

"म्हंजे खोली माझी," ते म्हणाले.

"तुमची. मरंस्तवर," अक्काताई म्हणाल्या. नजर गाडीवर.

"आन् माझ्या साड्या?"

"सोप्यात लाव. सोफा काढून टाक. तो ह्यांच्यासाठीच हुता, हे आता खाली बसत्यात कुठं?"

ऐश्वर्याला हे इतकं अचानक मिळालं की तिनं आधी नीट ऐकलं की नाही ते तपासून घेतलं. सोपा, म्हणजे बाहेरची बैठकीची खोली, या खोलीच्या दीडपट होता. ती तडक खाली गेली, मत बदलायच्या आत.

"वैनी, तुमच्या दोघांची ताटं…" गणपतराव दारात घुटमळले. "म्हंजे तुमचा तर उपास झाला. अन्न टाकू ने म्हंत्यात."

"जावा की. आमटी हाय, दोडका हाय. ऐश्वर्या वाढंल."

गणपतराव गेले. थोड्या वेळानं खालून त्यांचा आवाज आला, "लेकी, कांदा न्हाई व्हय गं?" आणि पाठोपाठ ऐश्वर्याचं हसणं.

माडीवर अण्णासो उभे होते. अक्काताईंनी वर्तमानपत्रावरची दुसरी गाडी उचलून आतल्या लाईनवर ठेवली, चाकं दोन्ही रुळांवर नीट बसली का ते बोटानं चाचपलं.

"लेथचं बटण उद्या दुकानातनं आणा," त्या म्हणाल्या. "दोन आणा. एक जळंल तुमच्या हातनं."

"बरं. जरा सरक की. मला बसू दे."

"थांबा."

"अगं, माझी खोली हाय न्हवं?"

"खोली कोण घेतंय? तुमचीच हाय." अक्काताईंनी चाक फिरवलं. "व्हा बाजूला, मलकापूरची गाडी सुटालिया."